राखेतून उठलेलं गुआर्दा

स्वित्झर्लंडच्या पूर्व टोकाला, इन नदीच्या खोऱ्यात श्कुओल नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथल्या उतारांवर स्कीइंगसाठी झुंबड उडते. तिथून आगगाडीने थोडं पुढे गेलं, की गुआर्दाचं स्टेशन लागतं. स्टेशन दरीत, गाव मात्र वर, १६५३ मीटर उंचीवर. चढून गेलात, की कानावर येतो तो हौदात पडणाऱ्या पाण्याचा आवाज.

ही शांतता पहिल्यापासूनची नव्हे. १६२२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने गाव जाळलं. राखेवर लोकांनी पुन्हा घरं बांधली: जाड भिंती, खोल खिडक्या आणि गवताची गाडी थेट मागच्या कोठारात जाईल एवढं रुंद दार. भिंतींवरचा पांढरा थर ओला असतानाच खरवडून नक्षी काढायची, ही इथली रीत.

पुढे घरांना अवकळा आली. १९३९ ते १९४५, भोवती महायुद्ध पेटलेलं असताना, वास्तुविशारद क्योन्त्स यांनी सरकारी मदतीने गावाची डागडुजी केली. त्यांच्या पत्नी सेलिना यांनी लिहिलेली उर्सली या मुलाची गोष्ट १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. १ मार्चला मुलं घंटा वाजवत हिवाळ्याला हुसकावतात. त्यासाठी मोठी घंटा शोधणारा हा उर्सली. नवऱ्याने घरं वाचवली, बायकोने ती जगभर पोहोचवली.

१९७५ मध्ये गावाला वारसा जतनाचा वाकर पुरस्कार मिळाला. २०१५ मध्ये गुआर्दाची स्वतंत्र ग्रामसभा श्कुओलमध्ये विलीन झाली. भिंती सरकारी पैशातून दुरुस्त होतात. पण घंटा वाजवायला गावात मुलंच असावी लागतात.