आजीच्या वयाचा कृष्ण

आमची आजी कृष्णाच्या खोड्या सांगायची, त्यांत एक ठरलेली असे. रात्री कृष्ण एका पैसेवाल्याच्या घरात शिरतो. नवरा-बायको गाढ झोपलेली. हा हलक्या हाताने नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांना बांधतो आणि पसार होतो. एवढं सांगून आजी म्हणायची, ‘‘हे मी नुसतं ऐकलेलं नाही हो, डोळ्यांनी पाहिलंय. आणि गाठ मारणारा तो कृष्ण म्हणजे माझ्याएवढीच एक पोर होती.’’

ती पोर म्हणजे मंदाकिनी फाळके, दादासाहेब फाळक्यांची मुलगी. १९१९च्या मे महिन्यात मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट लागला तेव्हा ती सात वर्षांची होती. आजीही तेवढीच. आजीचं माहेर नाशिकचं, त्यामुळे फाळके हे नाव तिच्या घरात पुस्तकातून आलेलं नव्हतं. वडीलधाऱ्या माणसांच्या बोलण्यात ‘फाळक्यांचा कारखाना’ असा उल्लेख असे. तो शब्दही उगाच आलेला नव्हता. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी सिनेमात काम करणं इतकं कमीपणाचं मानत, की कुणी विचारलं तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरी करतो’ असं सांगा, अशी खुद्द फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकवण दिली होती.

आजीने तो सिनेमा पाहिला तो पुढे केव्हातरी, तंबूत, बायकांच्या बाजूला बसून. पेटी आणि तबला वाजत होता, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी एक माणूस पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत होता. कृष्ण दिसला तशी शेजारी बसलेल्या तिच्या आत्याने हात जोडले. आजी तिच्या कानाशी लागून म्हणाली, ‘‘अगं आत्या, ती फाळक्यांची मुलगी आहे.’’ आत्याने तिला दटावलं, ‘‘पडद्यावर आहे तोवर तो कृष्णच. घरी गेली की मुलगी.’’

आजी हे सांगायची तेव्हा आम्हाला हसू यायचं. आज मला वाटतं, त्या बाईला नटाचं काम नेमकं कळलं होतं.

फाळक्यांना कृष्ण फार आधीपासून पडद्यावर आणायचा होता. १९११मध्ये गिरगावातल्या थिएटरात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभं राहिलं, असं त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत लिहिलं आहे. पण पहिला चित्रपट केला तो हरिश्चंद्राचा, आणि तिथेच मुलाची अडचण उभी राहिली. कथेत हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास मरतो. आपलं मूल पडद्यावर का होईना, मरताना दाखवायला कोणते आईबाप तयार होणार? शेवटी फाळक्यांनी आपला थोरला मुलगा भालचंद्र याला उभं केलं. शूटिंगच्या मुक्कामी तो खेळता खेळता पडला, डोक्याला मार लागला आणि शुद्ध हरपली. दृश्य रोहिदासाच्या मृत्यूचंच घ्यायचं होतं. ते त्याच अवस्थेत घेतलं गेलं, ही हकीकत फाळक्यांच्या चरित्रांतून येते. आजी ती सांगताना वडिलांच्या जिद्दीचं कौतुक कधी करत नसे. ‘‘आणि त्या माउलीचं काय झालं असेल?’’ एवढंच विचारायची. मलाही त्या प्रसंगाचं कौतुक वाटत नाही. कलेसाठी वाटेल ते, असं म्हणायला पडलेला माणूस स्वतः तयार असावा लागतो. बेशुद्ध मुलाला कोण विचारणार?

त्या माउलीबद्दल मात्र भरभरून बोलावं असं बरंच आहे. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने मोडायला दिले, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या हातांची आहे. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम त्या करत. फिल्म धुण्याची रसायनं कालवत. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडत. वर सगळ्या कंपनीचा स्वयंपाक होताच. अशा घरात मंदाकिनी वाढली. सिनेमा हे तिच्यासाठी बाहेरचं झगमगतं जग नव्हतं, घरात रोज चालणारं काम होतं.

फाळक्यांना बायकांच्या भूमिकांसाठी बायका मिळत नव्हत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. हरिश्चंद्राची तारामती झाले अण्णा साळुंके, खाणावळीत काम करणारे. १९१३मध्ये ‘मोहिनी भस्मासुर’साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची लेक कमलाबाई पुढे आल्या. पण त्या दोघी नाटक मंडळीतल्या होत्या, पोटासाठी रंगमंचावर आधीच उभ्या राहिलेल्या. चारचौघांच्या घरातली बाई काही येत नव्हती. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच. आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आत एक लहान मुलगी कृष्ण होते: आधी १९१८च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये आणि मग ‘कालिया मर्दन’मध्ये. जिथे सीता पुरुषाला व्हावं लागलं, तिथे देव मुलगी झाली. घरंदाज बाईने कॅमेऱ्यासमोर येऊ नये म्हणणाऱ्या समाजाने घरंदाज मुलीसमोर हात जोडले. आजीच्या आत्यानेही जोडले. हे मला आपल्या सिनेमाच्या सुरुवातीतलं सगळ्यात विलक्षण वळण वाटतं, आणि त्याबद्दल फार थोडं लिहिलं गेलं आहे.

‘कालिया मर्दन’ सुरू होतो तो गोष्टीने नाही. सुरुवातीला पडद्यावर असते फक्त मंदाकिनी, साध्या रूपातली. पाटी सांगते की सात वर्षांच्या मुलीचे हे मुद्राभिनय आहेत. मग तो चेहरा एकेक भाव दाखवत जातो. हसतो, रागावतो, रडवेला होतो, पुन्हा खुलतो. कॅमेरा जवळ आहे आणि ती कॅमेऱ्याला बिचकत नाही. त्यानंतर ती मुलगी विरत जाते आणि तिच्याच जागी मुकुट ल्यालेला कृष्ण उमटतो.

त्या काळी असं विरणं-उमटणं कॅमेऱ्यातच करावं लागे. हाताने दांडा फिरवत चित्रण करायचं, भिंगाचं तोंड हळूहळू मिटत न्यायचं, फिल्म मोजून मागे घ्यायची आणि त्याच तुकड्यावर भिंग उघडत दुसरं चित्र घ्यायचं. मधल्या वेळात पोरीला पोशाख बदलून पुन्हा नेमकी तिथेच बसवायची, मान तशीच, नजर तशीच. सात वर्षांच्या मुलीकडून हे करून घेणाऱ्या बापाचं कसब मोठं, पण तसं बसणाऱ्या मुलीचंही कमी नाही.

आणि हे दृश्य घ्यायची गरज काय होती? गोष्टीला त्याची जरूर नाही. फाळके छपाईच्या धंद्यातले. देवांची रंगीत चित्रं घराघरांत पोचवणाऱ्या राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आला होता. पडद्यावर राम दिसला की लोक पायातल्या वहाणा काढतात, हे ‘लंकादहन’च्या वेळी त्यांनी अनुभवलं होतं. कृष्ण दिसताच प्रेक्षक हात जोडणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी आधी मुलगी दाखवली. तुम्ही ज्याला नमस्कार करणार आहात ते माणसाचं मूल आहे, ते कष्टाने हे रूप घेतं आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. देवाच्या आधी नटीला मान दिला. त्या काही क्षणांसाठी मी फाळक्यांना पुष्कळ काही माफ करते, भालचंद्राची ती गोष्टसुद्धा.

मग खोड्या सुरू होतात, लोण्याची चोरी येते, दाढी-केसांची गाठ येते. शेवटी कालियाच्या डोहात उडी. पाण्याखाली झुंज चालू आहे आणि काठावर यशोदा टाहो फोडते आहे, हे आळीपाळीने दाखवत फाळके आपला जीव टांगणीला लावतात. शेवटी नागाच्या फण्यावर नाचत तो बाळकृष्ण वर येतो. लहान मुलांकडून गोड दिसणं सहज मिळतं, पण मंदाकिनी गोड दिसायचा प्रयत्न करत नाही. तिच्या कृष्णात खरा खट्याळपणा आहे, खोडी काढल्यावर कुणी पाहिलं तर नाही ना, ही चोरटी नजर आहे.

तिची कारकीर्द इथेच थांबते. भागीदारांशी पटेना म्हणून फाळके त्याच सुमारास कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले आणि तिथे नाटक लिहायला बसले. काही वर्षांनी ते नाशिकला आणि सिनेमाकडे परतले, पण बाळकृष्ण व्हायचं तिचं वय तोवर मागे पडलं होतं आणि मोठी नटी होण्याची वाट तिच्यासारख्या घरातल्या मुलीला उघडी नव्हती. तिच्या मागून आलेल्या मुलग्यांचं तसं झालं नाही. १९३२च्या ‘श्यामसुंदर’मध्ये कोवळ्या वयाचे शाहू मोडक कृष्ण झाले, अहमदनगरच्या ख्रिस्ती घरातला मुलगा, आणि ते पुढे अनेक चित्रपटांत कृष्ण होत राहिले. १९३८च्या ‘गोपालकृष्ण’मधला प्रभातचा कृष्ण राम मराठे, ते पुढे संगीत रंगभूमीचे आणि शास्त्रीय गायनाचे पंडित झाले. आजीला मोडक आवडायचे, पण त्यांचा विषय निघाला की ती म्हणायची, ‘‘त्याच्या आधी ती होती.’’ तिचं स्वतःचं लग्न बाराव्या वर्षी झालं. त्याबद्दल ती कधी तक्रार करत नसे. मात्र या एका वाक्यात तिचा आवाज चढायचा.

बालकलाकारांची दखल कायद्याने उशिराच घेतली. अमेरिकेत चॅप्लिनच्या ‘द किड’मधला बालनट जॅकी कूगन प्रसिद्ध झाला तो १९२१मध्ये, म्हणजे मंदाकिनीनंतर. त्याने मिळवलेले पैसे घरच्यांनी संपवले, म्हणून १९३९मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. आपल्याकडे दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको आणि कमाईतला किमान २० टक्के वाटा मुलाच्या नावे बँकेत ठेवायचा, असे नियम यायला २०१७ उजाडलं.

मूकपटांच्या फिल्म भराभर पेटणाऱ्या आणि आपोआप सडणाऱ्या. त्या काळातले बहुतेक चित्रपट गेले. ‘कालिया मर्दन’ वाचला तो पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांच्यामुळे. फाळक्यांच्या कुटुंबाकडून आलेले सुटे तुकडे त्यांनी जुळवले. मूळच्या सुमारे ६००० फुटांपैकी जवळजवळ ४४०० फूट हाती लागले. हरिश्चंद्राचाही काही भाग मिळाला, पण फाळक्यांच्या मूकपटांत सलग गोष्ट म्हणून पाहता येईल असा मुख्यतः हाच. तो सापडल्याचं आजीला कळलं नाही, तेव्हा ती नव्हती.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा चौथीच्या मुलांना तो दाखवला. आवाज नाही, रंग नाही, म्हणून मुलं आधी कुरकुरली. दाढीच्या गाठीपर्यंत मात्र वर्ग डोक्यावर घेतला होता. सिनेमा संपल्यावर एका मुलाने विचारलं, ‘‘बाई, हा मुलगा कोण?’’ मी सांगितलं तर मागच्या बाकावरच्या मुलीला पटेना. मग सुरुवातीचा भाग पुन्हा लावला. मंदाकिनी रागावली की मुलीही रागावलेलं तोंड करू लागल्या, ती हसली की हसू लागल्या, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठायला तयार नव्हतं. त्या दिवशी फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: मंदाकिनी फाळके, अभिनेत्री. ‘श्रीकृष्ण जन्म’, १९१८. ‘कालिया मर्दन’, १९१९. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.