अब्राहामाला मिळालेले वचन

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या ग्रंथातील कथासूत्र (अध्याय 12 ते 25). देवाने दिलेला शब्द देवाच्याच वेळेला खरा होतो, या श्रद्धेचा मूळ दाखला म्हणून यहुदी व ख्रिस्ती परंपरांत ते सांगितले जाते.

हारान सोडून निघाला तेव्हा अब्राहाम 75 वर्षांचा होता. तुझे मोठे राष्ट्र करीन आणि कनान देश तुझ्या संततीला देईन, असे वचन त्याला मिळाले. पत्नी सारा मात्र वांझ होती. त्यांचा मुलगा इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम 100 वर्षांचा आणि सारा 90 वर्षांची होती. ग्रंथकार मनातल्या घालमेलीबद्दल फारसे बोलत नाही, वये मात्र काटेकोर नोंदवतो.

ही 25 वर्षे दोघांनी शांतपणे वाट पाहिली, हा प्रवचनांतून पसरलेला समज मूळ कथेला धरून नाही. जिवाच्या भीतीने अब्राहाम आधी मिसरात आणि पुढे गरारात पत्नीला बहीण म्हणवतो. घरातला अलियेजर माझा वारस होणार, अशी देवाकडेच तक्रार करतो. तारे मोजून पाहा, तितकी तुझी संतती होईल, असे ऐकल्यावर त्याचा विश्वास बसतो. पण पुढच्याच अध्यायात, कनानात 10 वर्षे काढून झाल्यावर, साराच्या सांगण्यावरून तो तिची मिसरी दासी हागार हिचा स्वीकार करतो. प्राचीन पश्चिम आशियात ही तोड अपरिचित नव्हती. नूझी येथे सापडलेल्या एका विवाहकरारात, मूल न झाल्यास पत्नीने नवऱ्याला दासी आणून द्यावी, असे कलम आहे. दोघांनी श्रद्धा सोडली होती असे म्हणता येत नाही. वचन देवाचे आणि तजवीज आपली, असा त्यांचा व्यवहार दिसतो. अब्राहामाच्या 86व्या वर्षी हागारला इश्माएल झाला. त्यानंतरच्या 13 वर्षांबद्दल ग्रंथ काहीच सांगत नाही.

नव्व्याण्णवाव्या वर्षी सुंतेचा करार होतो. सारालाच मुलगा होईल हे ऐकून अब्राहाम पालथा पडून हसतो आणि इश्माएल जगला तरी पुरे, असे सुचवतो. पुढे मम्रे येथे आलेल्या पाहुण्यांचे तेच बोलणे तंबूच्या दाराआडून ऐकून सारा हसते. जाब मात्र तिच्याच हसण्याबद्दल विचारला जातो.

विलंबाचे कारण कथेत एकदाच, 15व्या अध्यायात येते, आणि तेही मुलाबद्दल नसून भूमीबद्दल आहे. तुझे वंशज 400 वर्षे परक्या देशात दास्य भोगतील व मग परततील, कारण कनानातल्या अमोऱ्यांच्या पापाचे माप अजून भरलेले नाही, असे अब्राहामाला सांगितले जाते. म्हणजे ही वेळ दुसऱ्याच लोकांच्या वर्तनाशी बांधलेली आहे. उशीर म्हणजे वाट पाहणाऱ्याची परीक्षा, एवढाच बोध काढणाऱ्यांना हा उतारा गैरसोयीचा ठरतो.

भूमीचे वचन अब्राहामाच्या हयातीत पुरे झाले नाही. सारा 127व्या वर्षी वारली तेव्हा तिला पुरण्यासाठी त्याने हेब्रोनजवळची मकपेलाची गुहा व शेत एफ्रोन हित्तीकडून 400 शेकेल रुपे मोजून विकत घेतले. आख्खा देश ज्याला देऊ केला होता, त्याला थडग्यापुरती जागा रोख पैसे देऊन घ्यावी लागली. पुढे त्यालाही इसहाक व इश्माएल यांनी तेथेच पुरले.

उत्तरकालीन लेखनात या कथेचे कंगोरे बरेच घासले गेले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय 4) पौल अब्राहामाचा विश्वास डळमळला नाही असे म्हणतो; हागारचा उल्लेख तेथे नाही. इब्री लोकांस पत्र (अध्याय 11) मूळ कथेच्या अधिक जवळचे वाटते: वचनफळ हाती न येता, ते दुरूनच पाहून हे पूर्वज मेले, असे त्यात म्हटले आहे. कुराणातील सूरा हूदमध्येही इब्राहीमच्या पत्नीचे हसणे व इसहाकाची शुभवार्ता येते.

यहुदी नववर्षाच्या, म्हणजे रोश हशानाच्या, पहिल्या दिवशी सिनेगॉगमध्ये इसहाकाच्या जन्माचा अध्याय वाचतात. कोकणातील बेने इस्राएल यहुदी या दिवसाला ‘नव्याचा सण’ म्हणत. जुन्या करारातील कथांना मराठी ओवीत आणण्याचे काम थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या ‘पैलें पुराणा’त झाले (राशोल, 1616); तेथे त्या कथा तारकाच्या आगमनाची पूर्वपीठिका म्हणून येतात.