चार ट्रॅकचा कॅसेट ध्वनिमुद्रक

वेगवेगळ्या वेळी गायिलेले-वाजवलेले चार ध्वनी एकाच कॅसेटवर स्वतंत्रपणे मुद्रित करून नंतर त्यांचे मिश्रण करणारे घरगुती यंत्र. जपानच्या टीअ‍ॅक कंपनीने १९७९ मध्ये आणलेला ‘पोर्टास्टुडिओ १४४’ हा या प्रकारातील पहिला.

साध्या स्टीरिओ कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे मिळून होणारे चार ट्रॅक येथे एकाच दिशेने वापरतात. फीत दुप्पट वेगाने, सेकंदाला सु. ९.५ सेंमी. धावते. त्यामुळे ध्वनी स्वच्छ येतो. मात्र ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटेच मावतात.

तुकडोजी महाराजांमुळे (१९०९–६८) अमरावती-अकोल्यात रुजलेल्या खंजिरी भजनाला ही पद्धत विशेष अनुकूल आहे. पहिल्या ट्रॅकवर पेटी व तबला घ्यावा. तो हेडफोनमध्ये ऐकत दुसऱ्यावर मुख्य गायकाने गावे. तीक्ष्ण झंकाराने शब्द झाकणारी खंजिरी तिसऱ्यावर वेगळी ठेवावी, चौथ्यावर साथीदारांचे ध्रुपद. शेवटी प्रत्येकाची पातळी जुळवून दुसऱ्या कॅसेटवर मिश्रण उतरवतात. चौथा ट्रॅक रिकामा ठेवल्यास पहिले तीन त्यावर एकवटून ते पुन्हा वापरता येतात; पण उताऱ्यागणिक फितीची खरखर वाढते.

अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा ‘नेब्रास्का’ (१९८२) हा गीतसंग्रह घरीच अशा यंत्रावर मुद्रित झाला. मोठ्या स्टुडिओविनाही अस्सल संगीत टिपता येते, हे त्याने सिद्ध केले.