पटावरची विमाने आणि बर्लिनचे मीठ

१/७
वॅडिंग्टन्स या ब्रिटिश कंपनीच्या ‘एअर चार्टर’ या जुन्या पटखेळात खेळाडू विमानाने माल वाहणारा छोटा व्यावसायिक होतो. अशा धंद्याचे गणित साधे: कर्जाऊ भांडवल, जुने विमान आणि रिकामी फेरी टाळण्याची धडपड. हेच गणित १९४८ साली ब्रिटनमध्ये खरोखर मांडले गेले. #थ्रेड

२/७
महायुद्ध संपले होते. वायुदलातून मोकळे झालेले वैमानिक कामाच्या शोधात होते आणि जुनी लष्करी विमाने स्वस्तात मिळत होती. हॅरॉल्ड बॅमबर्ग यांच्या ईगल कंपनीने आरंभी इटलीतील व्हेरोनाहून चेरी आणल्या. नाशवंत फळांना वेग हवा असतो आणि वेगाचे भाडे मिळते.

३/७
पंचविशीतील फ्रेडी लेकर यांनी ३८,००० पौंड कर्ज घेऊन १२ हॉल्टन विमाने सुट्या भागांसह विकत घेतली. हॉल्टन म्हणजे हॅलिफॅक्स या बॉम्बफेकी विमानाचे मुलकी रूप. विमाने आली, प्रश्न उरला तो मालाचा.

४/७
उत्तर राजकारणाने दिले. २४ जून १९४८ रोजी सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग रोखले. वीस लाखांहून अधिक माणसांचे अन्न व इंधन आता आकाशातूनच येणार होते. लष्करी विमाने अपुरी पडली आणि २५ ब्रिटिश खासगी कंपन्यांना काम मिळाले.

५/७
त्यांनी मुख्यतः द्रव इंधन वाहिले. मिठाची कथा तर विलक्षण आहे. मिठाने विमानाचा धातू गंजतो, म्हणून ते गंजरोधक सागरी विमानांतून हाफेल तलावावर उतरवले जाई. हिवाळ्यात बर्फाच्या भीतीने ती थांबली, तेव्हा हॉल्टनच्या पोटाखाली बसवलेल्या पेट्यांतून मीठ पोहोचले.

६/७
या हवाई पुलावर ब्रिटिश बाजूचे ३९ जण मरण पावले; त्यांत मुलकी वैमानिकही होते. १२ मे १९४९ रोजी कोंडी उठली आणि ऑगस्टमध्ये खासगी उड्डाणे थांबली. बर्लिन सुटले, पण अनेक कंपन्यांचा एकमेव मोठा ग्राहक गेला आणि त्या बंद पडल्या. लेकर यांनी जुनी विमाने मोडून त्यांचे ॲल्युमिनियम विकले.

७/७
शीतयुद्धाचा इतिहास वाचताना आपली नजर ट्रुमन आणि स्टालिन यांच्यावर खिळते. पण बर्लिनकरांच्या ताटातील मिठामागे कर्जाऊ पैशांवर उडणारी जुनी विमानेही होती. एका शहराचे संकट हीच त्या धंद्याची भरभराट होती आणि त्याची सुटका हाच धंद्याचा शेवट. पटावर हरलेला खेळाडू नवा डाव मांडतो; या कंपन्यांपैकी फार थोड्यांना तो मांडता आला.