बिनविस्तवाचा स्वयंपाक (बालशिक्षण)

चूल, शेगडी किंवा गॅस न पेटवता लहान मुलांनी, साधारणतः ३ ते ६ वर्षे वयात, मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः करून खायचे पदार्थ व त्यासाठीची कामे. भातुकलीहून हा प्रकार वेगळा धरावा. भातुकलीतला स्वयंपाक बहुधा लुटूपुटूचा असतो, येथे पदार्थ खरा असतो आणि तो वाटून खाल्ला जातो.

पदार्थ व कृती : शिकरण, दहीपोहे, काकडीची कोशिंबीर, कुस्करलेल्या पोळीचा गूळ-तूप घालून लाडू, लिंबाचे सरबत, कोरडी भेळ हे नेहमीचे पदार्थ. गोकुळाष्टमीचा गोपाळकाला आणि रामनवमीचा सुंठवडा हेही याच वर्गातले. यांतील पोहे, चुरमुरे, डाळे, सातूचे पीठ यांवर विस्तवाचे संस्कार आधीच झालेले असतात. भिजवलेले भात भाजून कांडले की पोहे होतात, म्हणून ते नुसत्या पाण्याने मऊ पडतात. दडपे पोह्यांसाठी पातळ पोहे, ओले खोबरे, नारळपाणी, लिंबू, मीठ व साखर हाताने कालवून वर झाकण आणि वजन ठेवतात. फोडणी मोठ्यांनी करून आणावी की वगळावी, याविषयी घरोघरी वेगळी पद्धत आहे.

मुलाच्या दृष्टीने कृतीतले बदल महत्त्वाचे. चोचवलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते. बरणीत साय घालून झाकण घट्ट लावून हलवत राहिले की लोणी वेगळे होते. हे बदल मुलाच्या हाताखाली घडतात आणि ते त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाहीत. मटार सोलणे, कोथिंबीर खुडणे, केळे सोलणे, लाडू वळणे यांत बोटांना जो सराव होतो, तोच पुढे लेखणी धरताना उपयोगी पडतो. मुलाने वळलेला वेडावाकडा लाडू मोठ्यांनी पुन्हा वळू नये.

बालशिक्षणातील स्थान : मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये पहिले बालगृह उघडले. पाणी ओतणे, फळे कापणे, जेवण मांडणे व वाढणे अशा कामांना त्यांच्या पद्धतीत शिक्षणसाधनांइतकेच मोल आहे. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, हे ताराबाईंनी नेमके ओळखले. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी (आजचा पालघर जिल्हा) येथे ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेण्यात आली; हीच अंगणवाडी. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी देशभर पोहोचली. परिसरात मिळेल ते साधन, हा बोर्डीचा धडा बिनविस्तवाच्या स्वयंपाकाला जसाच्या तसा लागू पडतो. केळे, वाटी आणि पाट असला की काम सुरू करता येते.

पाचूबंदर व वसई : परिसरातल्या साधनाचे उदाहरण म्हणून पाचूबंदर घ्यावे; ही वसई किल्ल्यालगतची कोळी वस्ती. येथे बोंबील जोडीने जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळवतात. वाळवणाला विस्तव लागत नसला तरी सुके मासे भाजल्या-शिजवल्याशिवाय लहान मुलांना देऊ नयेत, त्यामुळे या वस्तीचे मुख्य उत्पादन प्रस्तुत वर्गाबाहेर राहते. वसई तालुक्यातली इतर सामग्री मात्र उत्तम आहे. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली सुकेळी मुलांनी हाताने तोडून खोबऱ्यात घोळवावीत. उन्हाळ्यात ताडगोळ्यांची साल नखाने सोलणे हे तर तीन वर्षांच्या मुलालाही जमणारे आणि त्याला अतिशय आवडणारे काम.

दक्षता : अख्खे शेंगदाणे, फुटाणे व अख्खी द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, दाण्यांचे कूट करावे, द्राक्षे उभी चिरावीत. चिकूची बी टोकाला आकड्यासारखी असते, ती मोठ्यांनी आधी काढावी. कच्ची कणीक किंवा कच्चे बेसन चाखू देऊ नये, भाजलेले पीठ वापरावे. मोड आलेली कडधान्ये या वयात वाफवूनच द्यावीत. एक वर्षाच्या आतील मुलाला मध देऊ नये. विळी व किसणी मुलांच्या हाती नको.

स्पर्धा : शाळांमधून विनाअग्नी पाककृतींच्या स्पर्धा होतात. त्यांत ताटाच्या सजावटीला गुण असतात आणि सजावट बहुतेक वेळा पालकच करतात. बालशिक्षणाच्या दृष्टीने अशा स्पर्धांचा उपयोग नाही. त्या तासाला मुलांना नुसते शिकरण करू द्यावे.