सशर्त ट्रिग

सशर्त ट्रिग किंवा कंडिशनल ट्रिग ही संगीताच्या सिक्वेन्सरमधील एक योजना आहे. या योजनेत रचनेतील एखादा आघात दर आवर्तनात न वाजता, त्याला घातलेली शर्त पूर्ण झाली तरच वाजतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील इलेक्ट्रॉन या वाद्यनिर्मात्या कंपनीच्या उपकरणांमुळे ही पद्धत विशेष परिचित झाली. प्रस्तुत लेखातील तपशील मुख्यतः या कंपनीच्या २०१७ साली आलेल्या डिजिटॅक्ट या ड्रम-यंत्राला धरून आहे.

पार्श्वभूमी

स्टेप सिक्वेन्सरमध्ये काळाचे समान तुकडे पाडलेले असतात. चार मात्रांचे एक आवर्तन सामान्यतः १६ स्टेपांत विभागले जाते आणि ज्या स्टेपवर ध्वनी हवा तिथे ट्रिग ठेवला जातो. ट्रिग म्हणजे ध्वनी सुरू करण्याचा आदेश. असा भरलेला नमुना, म्हणजेच पॅटर्न, थांबवेपर्यंत फिरत राहतो. यंत्राचे बळ त्याच्या अचूकतेत आहे आणि उणीवही तिथेच आहे. तबलजी तोच ठेका धरून असला तरी प्रत्येक आवर्तन तंतोतंत सारखे वाजवत नाही. यंत्र मात्र सांगितले नाही तर तसूभरही बदलत नाही.

ही उणीव निर्मात्यांच्या आरंभापासून लक्षात होती. १९८० साली आलेल्या रोलँड टीआर-८०८ या यंत्रात ठरावीक आवर्तनांनंतर भरणीचा वेगळा पॅटर्न आपोआप वाजवण्याची सोय होती. याच यंत्राचा वापर करून मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली, तिच्यात यंत्राची लय जवळजवळ स्थिर राहते आणि वैविध्य येते ते हाताने वाजवलेल्या रागविस्तारातून. इलेक्ट्रॉन कंपनीने २००१ च्या मशीनड्रम या यंत्रात प्रत्येक स्टेपवर ध्वनीचे गुणधर्म स्वतंत्रपणे बदलण्याची सोय दिली होती. सशर्त ट्रिगने पुढचा प्रश्न हाताळला: स्टेप कशी वाजावी हे ठरल्यावर, ती केव्हा वाजावी?

शर्तींचे प्रकार

मोजणीची शर्त दोन अंकांनी लिहिली जाते. दुसरा अंक किती आवर्तनांचा गट धरायचा ते सांगतो आणि पहिला अंक त्या गटातील कितव्या आवर्तनात आघात वाजायचा ते. १:२ असा ट्रिग पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आवर्तनात वाजतो. २:४ असा ट्रिग दुसऱ्या, सहाव्या, दहाव्या आवर्तनात. गट जास्तीत जास्त आठ आवर्तनांचा असू शकतो.

संभाव्यतेच्या शर्तीत टक्केवारी दिली जाते आणि दर आवर्तनात यंत्र जणू नव्याने फासा टाकते.

‘फर्स्ट’ ही शर्त पॅटर्न सुरू झाल्यावर फक्त पहिल्या आवर्तनात पूर्ण होते. आरंभीच्या झांजेच्या एका मोठ्या आघातासाठी ती सोयीची आहे. ‘फिल’ ही शर्त वादकाने भरणीची स्थिती चालू केली असेल तेवढ्यापुरती खरी ठरते.

‘प्री’ आणि ‘नेबर’ या शर्ती नवशिक्यांना गोंधळात टाकतात, पण खरी गंमत त्यांच्यातच आहे. ‘प्री’ ही त्याच ट्रॅकवर लगेच आधी तपासलेल्या शर्तीचा निकाल पाहते. समजा, पाचव्या स्टेपवर ५० टक्के संभाव्यता दिली आणि सहाव्या व सातव्या स्टेपवर ‘प्री’ लावले. आता तिन्ही आघात एकत्र येतात किंवा तिन्ही येत नाहीत. सुटे सुटे पडत नाहीत. नवव्या स्टेपवर ‘प्री’ची उलट शर्त लावली, तर हे तीन आघात गळाले असतानाच तिथला आघात उत्तरादाखल वाजतो. ‘प्री’ स्वतः नवा निकाल देत नाही, मूळ निकालच पुढे नेते. म्हणून ही साखळी हवी तेवढी लांबवता येते. ‘नेबर’ हेच काम शेजारच्या, म्हणजे क्रमाने आधीच्या ट्रॅककडे पाहून करते. त्यामुळे बेस ड्रमने जागा सोडली की टाळीने ती भरावी, असा संवाद रचता येतो.

मोजणी आणि संभाव्यता

१:४ आणि २५ टक्के या शर्तींची सरासरी एकच आहे, चार आवर्तनांत एक आघात. ऐकताना मात्र त्यांच्यात मोठे अंतर पडते. १:४ मध्ये आघात नेमका चौथ्या फेरीला परत येतो, श्रोत्याला त्याची चाहूल लागते आणि तो रचनेचा भाग होतो. २५ टक्क्यांमध्ये चार आवर्तनांत बरोबर एकदाच आघात येण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के, तर एकदाही न येण्याची सुमारे ३२ टक्के असते. म्हणून ज्या आघातावर लयीचा तोल उभा आहे, त्याला संभाव्यता लावणे धोक्याचे. हाय-हॅटचे हलके, गौण आघात गळाले तरी बिघडत नाही. बेस ड्रमचा समेवरचा आघात गळाला तर नृत्याची पावले अडखळतात.

मोजणीच्या शर्तींनी छोट्या पॅटर्नमधून किती लांब रचना उभी राहते, हे साध्या लसाविने कळते. २:३, ३:५, ५:७ आणि ६:८ अशा चार शर्ती एकाच पॅटर्नमध्ये ठेवल्या, तर ३, ५, ७ आणि ८ यांचा लसावि ८४० येतो. म्हणजे ८४० आवर्तनांनंतरच सबंध क्रम पुन्हा जसाच्या तसा येतो. मिनिटाला १२० मात्रा या गतीने चार मात्रांचे आवर्तन दोन सेकंदांचे होते, तेव्हा हा क्रम पुरा व्हायला २८ मिनिटे लागतात. १६ स्टेपांच्या मांडणीतून एवढे निघावे हे थोडे नवलाचेच; मात्र शर्तीविना असलेले आघात दर दोन सेकंदांनी तेच राहतात हे विसरू नये.

मैफिलीतील उपयोग

प्रत्यक्ष कार्यक्रमात ‘फिल’ ही सर्वांत उपयुक्त शर्त ठरते, कारण निर्णय वादकाच्या हाती राहतो. नेहमीच्या आघातांना ‘फिल’ची उलट शर्त आणि भरणीच्या आघातांना ‘फिल’ लावले, की एका कळीसरशी एक लय मागे पडून दुसरी पुढे येते. श्रोते रंगले आहेत की कंटाळले आहेत, हे यंत्राला कळत नाही. ते पाहून कळ दाबणारा माणूसच असतो.

अन्य साधने

२०२१ साली बिटविग स्टुडिओ या संगणक-प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत संभाव्यता, मोजणी आणि आधीच्या स्वरावर अवलंबून असलेल्या शर्ती प्रत्येक स्वराला देण्याची सोय आली. त्याच वर्षी एबलटन लाइव्हच्या अकराव्या आवृत्तीत स्वरांची संभाव्यता आली.

मर्यादा

डिजिटॅक्टमध्ये आरंभी एका ट्रिगला एकच शर्त देता येत असे. ‘दर चौथ्या आवर्तनात, आणि तेही निम्म्या वेळा’ असे तेव्हा थेट सांगता येत नसे. शर्ती फार झाल्या की पडद्यावरील मांडणी पाहून काय वाजेल याचा अंदाज खुद्द रचनाकारालाही येत नाही. संभाव्यतेची अडचण निराळी आहे: योगायोगाने सुरेख जमून आलेले आवर्तन पुन्हा मागता येत नाही. म्हणून असे पॅटर्न वाजत असताना ध्वनिमुद्रण चालू ठेवणे आणि आवडलेले आवर्तन नंतर शर्ती काढून स्थिर ट्रिगांनी मांडून घेणे सोयीचे ठरते.