महिंद्रा युनायटेड : एका क्लबचे विसर्जन

खेळाचे संघ बहुधा हरत हरत संपतात. आधी पराभव येतात, मग प्रेक्षक आटतात आणि शेवटी पैसा. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचा इतिहास मात्र या क्रमात बसत नाही. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून उभ्या राहिलेल्या या क्लबने २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. १९९६ पासून चाललेली ही स्पर्धा तोवर पंजाब, कोलकाता आणि गोवा यांच्या बाहेर गेलेली नव्हती. प्रशिक्षक होते डेरिक परेरा. संघात ब्राझीलचा बॅरेटो होता, घानाचा याकुबू होता. २००८ साली ड्युरँड करंडकही मुंबईत आला. आणि २०१० च्या मार्च महिन्यात कंपनीने जाहीर केले की, हंगाम संपताच वरिष्ठ संघ बरखास्त करण्यात येईल.

निर्णय समजून घ्यायचा तर मुंबईच्या फुटबॉलचा आश्रयदाता कोण होता, हे पाहावे लागते. १८९१ साली सुरू झालेला रोव्हर्स करंडक पुढे दीर्घकाळ कूपरेजच्या मैदानावर रंगत असे. गोऱ्या पलटणी गेल्यावर तेथील जागा हळूहळू कंपन्यांच्या संघांनी घेतली : टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा टाटांकडून खेळत असे. खेळाडूचे नाव कंपनीच्या हजेरीपटावर असे, सकाळी सराव आणि महिनाअखेर पगार. या व्यवस्थेने अनेक घरे सावरली, हे विसरून तिच्यावर टीका करणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिच्यात एक उणीव मुळापासूनच होती. संघ हा कंपनीचा एक विभाग होता आणि विभाग बंद करताना प्रेक्षकांना विचारण्याची प्रथा कोणत्याही कंपनीत नसते.

बरखास्तीचे दिलेले कारण ऐकायला उदात्त होते. यापुढे लक्ष शालेय फुटबॉलवर, म्हणजे मुळांवर, द्यायचे. हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. शाळांच्या स्पर्धा आवश्यकच आहेत. तरीही हा युक्तिवाद मला अखेरपर्यंत पटलेला नाही. आमच्या नागपूरशेजारचे कामठी हे फुटबॉलवेडे गाव आहे. तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलाला शालेय स्पर्धेत पदक मिळाले, तर पुढे त्याने जायचे कुठे? आपल्याच राज्यातल्या राष्ट्रीय विजेत्या संघात, हे त्याचे उत्तर २०१० पर्यंत देता येत होते. खालच्या पायऱ्या रुंद करण्यासाठी वरची पायरी काढून घ्यायची, असा हा हिशेब होता. भाषेच्या अभ्यासकांनी त्यातली शब्दयोजनाही पाहावी. ‘संस्था’ मोडली जाते आणि तिच्या जागी ‘उपक्रम’ येतो. संस्थेला स्मृती असते, सभासद असतात. उपक्रमाला लाभार्थी असतात आणि मुदत असते.

पुढची दहा वर्षे पुण्याने हाच धडा गिरवला. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी २०१५ मध्ये आवरला गेला. त्याच वर्षी आलेला भारत एफसी एकच हंगाम टिकला. २०१४ चा एफसी पुणे सिटी मालक समूह आर्थिक अडचणीत आल्यावर २०१९ साली गुंडाळला गेला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. प्रेक्षक अर्थातच पुण्यातच राहिले.

याउलट कोलकात्यात १८८९ चा मोहन बागान २०२० साली एका उद्योगसमूहाच्या संघात विलीन झाला आणि त्याच्या नावापुढे ‘एटीके’ ही अक्षरे चिकटली. समर्थकांनी तीन वर्षे ती अक्षरे सहन केली नाहीत. घोषणा, फलक, बहिष्काराची भाषा असे सारे झाले आणि २०२३ मध्ये मालकांना ती काढावी लागली. मालकी तिथेही भांडवलाकडेच आहे. पण नावावर आपला हक्क आहे, असे मानणारे हजारो लोक आहेत. १९२३ साली स्थापन झालेल्या आमच्या विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थांतील सभा आणि निवडणुकांची आपण बरीच थट्टा करतो. पण भांडायला सभासद असणे ही गोष्ट किती मोलाची, ते महिंद्राच्या बाबतीत कळते. त्या निर्णयाविरुद्ध भांडण्याचा अधिकार असलेला एकही सभासद नव्हता.

मुंबईला पुढचे मोठे राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते थेट २०२१ साली, मुंबई सिटीच्या रूपाने. त्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा तेव्हा मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाकडे होता. देशातील लीगचेच भवितव्य अनिश्चित झाल्यावर २०२५ च्या डिसेंबरमध्ये त्या समूहाने तो सोडून दिला.